दगडफुलाचा रकाना

भवानी पेठेत आमचं किराणा-मसाल्याचं दुकान. शाळा सुटली की दोन तास दुकानात बसायचं, हे ठरलेलं. माझ्याकडे काम असे माल निवडायचं. धने, नागकेशर, तमालपत्र निवडायला काही वाटत नसे. दगडफूल मात्र किचकट. वरून राखी, खालून काळं कुळकुळीत, कडा मुडपलेल्या आणि अधूनमधून झाडाच्या सालीचा तुकडा चिकटलेला. दगडावरचं फूल, तर मग साल कुठून आली? वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "माल असाच येतो."

१९८४ साली मी आठवीत होतो. जीवशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, वनस्पती आणि प्राणी. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७३५ मध्ये सजीवांचे हेच दोन भाग केले होते, असं सांगून त्यांनी एकेकाला नाव घ्यायला लावलं. आंबा इकडे, बेडूक तिकडे, असं झरझर चाललं होतं. मी म्हणालो, "दगडफूल." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाल्या, "उद्या मूठभर घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाण्यात भिजवलं, ब्लेडने पातळ काप काढला आणि शाळेतल्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी डोळा लावला. पांढऱ्या धाग्यांचं दाट जाळं आणि त्यात अडकलेले हिरवे गोल ठिपके. धागे बुरशीचे, ठिपके शेवाळाचे. शेवाळ उन्हात अन्न तयार करतं. बुरशी त्याला थारा देते, ओल धरून ठेवते. म्हणजे वर्षानुवर्षं आम्ही एक जिन्नस म्हणून जे तोलत होतो ते दोघांचं बिऱ्हाड होतं! श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात हे मांडलं, तेव्हा भल्याभल्या जाणकारांनी ते मानलं नव्हतं. मी आठवीतला मुलगा, मला मात्र ते डोळ्यांनी दिसलं होतं. बाईंनी फळ्यावर तिसरा रकाना आखला, त्याला नाव न देताच त्यात 'दगडफूल' लिहिलं आणि तास संपला.

ऑगस्टमध्ये सहल गेली भीमाशंकरला. अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, आम्ही गेलो तो त्याच्या आदला पावसाळा. मंचर, घोडेगाव करत एस.टी. वर चढली तशी काचेवर धुक्याची साय धरली. रानात शिरताच बाईंनी एका जांभळाच्या खोडावर बोट ठेवलं. सालीवर तळहाताएवढं दगडफूल, पावसाने भिजून हिरवट झालेलं. ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शेवाळ दिसू लागतं. सालीचं कोडं तिथे सुटलं. फूल तर ते नाहीच, आणि दगडावरच उगवावं असाही त्याचा हट्ट नाही.

त्याच झाडाच्या शेंड्याला शेकरू दिसलं, तपकिरी-तांबूस, झुपकेदार शेपटीचं. कुणी म्हणालं, माकडासारखं. बाई म्हणाल्या, "नातं उंदराशी. दात बघ, कुरतडणारे." उंदीर, खार, साळिंदर, शेकरू, सगळी कृंतक गणातली. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती हे आम्ही एका दमात म्हणायचो, पण वर्गीकरणाच्या त्या पायऱ्या म्हणजे नात्यागोत्याची माहिती आहे हे मला तिथे कळलं. दुकानात आम्ही माल लावतो तो दिसण्यावरून आणि कामावरून, इथे लावायचा तो नात्यावरून. वाळवीला मी मुंगीची बहीण समजत होतो. ती खरी झुरळाच्या घरातली. डीएनएच्या अभ्यासानंतर तिचा वेगळा गण मोडून तिला झुरळांच्या गणात घेतलं, हे मी फार पुढे वाचलं.

परतताना एक कुजका ओंडका लागला. त्याच्यावर अळंबी उगवलेली, खाली गोगलगाई, सालीखाली वाळवी. "हे जेवण चाललंय," बाई म्हणाल्या. "हे थांबलं तर रानात पाचोळ्याचा डोंगर होईल आणि झाडांना मातीत काही मिळायचं नाही." व्हिटाकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये बुरशांना वनस्पतींतून काढून स्वतंत्र सृष्टी का दिली, ते त्या ओंडक्यापाशी सांगितलं. बुरशी अन्न बनवत नाही, बाहेरच विरघळवून शोषून घेते.

दुकान आता मी बघतो. दगडफुलाची शेती होत नाही, ते रानातूनच गोळा होतं आणि वाढतं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. गिऱ्हाईक "पन्नास ग्रॅम द्या" म्हणतं, तेव्हा काट्यावर किती पावसाळे ठेवतोय असं मनात येऊन हात जरा जड होतो.

काही वर्षांपूर्वी बाई दुकानात आल्या. केस पांढरे, आवाज तोच. गोडा मसाला करायचा होता.

"काय रे, रकाना मिळाला का याला?"

"मिळाला, बाई. बुरशीच्या सृष्टीत घालतात. नावसुद्धा त्यातल्या बुरशीचंच धरतात."

"आणि शेवाळाने काय करायचं?"

पुडीचा दोरा माझ्या बोटालाच गुंडाळलेला राहिला. मी त्यांना आत खुर्ची दिली, चहा सांगितला. त्या दिवशी दुकान वाढवायला साडेनऊ वाजले.