काठवालं टेबल

आमच्या डायनिंग टेबलाला काठ आहे. साडीचा नव्हे, ताटाला असतो तसा. चारी बाजूंनी बोटाच्या पेराएवढी लाकडी पट्टी वर आलेली, आणि पट्टी जिथे टेबलाला मिळते त्या सांध्यात घरातला सगळा बारीक कचरा जाऊन बसतो. पोळीचा चुरा, शेंगदाण्याची सालं, कढीपत्त्याचे देठ, एकदा तर लेकीच्या कानातल्याची हरवलेली फिरकीसुद्धा तिथेच सापडली. साध्या टेबलावर कसं, फडकं मारलं की सगळं तळहातावर येतं, इथे ते नुसतं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातं. बायको 22 वर्षं या काठाशी भांडतेय. तिच्या आधी आई भांडायची.

टेबल बाबांनी आणलं, 1989 साली, मुंबईच्या दारूखान्यातून. बाबा गोदीत कारकून होते. दारूखाना म्हटलं की लग्नातले पाहुणे हसायचे, मग बाबा दरवेळी न कंटाळता सांगायचे की दारू म्हणजे ती नव्हे, तोफेची, ब्रिटिशांच्या काळात तिथे बारूद असायची म्हणून ते नाव. रे रोड स्टेशनला उतरून खाडीच्या बाजूला चालत गेलं की लकडी बंदर, कोळसा बंदर, पावडर बंदर अशी नावं लागतात आणि तिथे जहाजं मोडायचे. मी लहानपणी एकदा बाबांबरोबर गेलो होतो. चिखलात अर्धं जहाज उभं, पुढचा भाग कापून नेलेला, आतले मजले उघडे, एखाद्या चाळीची पुढची भिंत पडावी आणि सगळ्यांच्या खोल्या रस्त्यावरून दिसाव्यात तसं. गॅस कटरच्या ठिणग्या, जळक्या रंगाचा वास, आणि रस्त्याच्या कडेला त्याच जहाजातनं निघालेला संसार मांडून ठेवलेला: गाद्या, कमोड, पितळी दिवे, कपबशा, गोल खिडक्या, लाइफ जॅकेटं, एक पियानोपण होता. सगळ्याला मिळून एकच शब्द, शिपचा माल.

पुढे हा धंदा बराचसा गुजरातेत अलंगला गेला, 1983 पासून तिथे सुरू झालाय, आणि तिथे जाण्याचं कारण मला फार आवडतं: भरती-ओहोटीत पाणी इतकं चढतं-उतरतं की भरतीच्या पाण्यावर जहाज फुल स्पीडने किनाऱ्यात घुसवायचं आणि ओहोटी लागली की ते आपोआप कोरडं पडतं. ना क्रेन ना गोदी. अलंगच्या रस्त्यावर मैलोन् मैल शिपच्या मालाची दुकानं आहेत, पण बाबांचा जीव दारूखान्यात. 2014 मधे आपली जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत तोडायला आणली ती दारूखान्यातच. बाबा तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, पण रोज पेपरात तेवढंच शोधून वाचायचे. मग दोन वर्षांनी तिच्या लोखंडातून बजाजने मोटरसायकल काढली, तेव्हा म्हणाले, चला, म्हणजे आता विक्रांतवर बसून भाजी आणायला जायचं. हसले का चिडले ते कळलं नाही.

तर टेबलाचा काठ. तो जहाज डोलतं म्हणून असतो. वादळात ताटं घसरून मांडीवर येऊ नयेत म्हणून. आणि आमच्या टेबलाच्या चारी पायांना खाली लोखंडी चकत्या आहेत, प्रत्येकीला तीन भोकं, म्हणजे स्क्रूने जमिनीला आवळायची सोय. कल्याणच्या तळमजल्यावरच्या वन बीएचकेमधे या दोन्हीचा काडीचा उपयोग नाही. कुठल्या जहाजाचं, कुठल्या देशाचं, काही माहीत नाही. टेबलाच्या खालच्या बाजूला कोणीतरी टोकदार वस्तूने कोरलेल्या उभ्या रेघा आहेत, चार उभ्या आणि त्यांवर एक आडवी, असे सात गठ्ठे. म्हणजे 35. दिवस मोजले का पत्त्यातले डाव, कोण जाणे. मी लहानपणी अभ्यास टाळायला टेबलाखाली आडवा पडून त्या मोजायचो.

गोदीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरी गोष्टी कसल्या, तर बुडालेल्या आणि वाचवलेल्या मालाच्या. सगळ्यात आवडती 14 एप्रिल 1944 ची. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, एकाच पोटात कापसाच्या गाठी, शेकडो टन स्फोटकं आणि 124 सोन्याच्या विटा. कापसाने पेट घेतला, दुपारी चारनंतर जहाज फुटलं आणि निम्मी गोदी गेली, शेकडो माणसं गेली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, अजून दर एप्रिलला त्यांच्यासाठी अग्निशमन सप्ताह पाळतात. आणि त्यात सोनं आकाशात उडालं. एक वीट जवळजवळ मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली. साडेबारा किलोच्या वर वजन. त्यांनी ती उचलून सरकारला परत केली. बाबा इथे थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. तुम्ही काय केलं असतं? मी लहानपणी छातीठोकपणे सांगायचो परत केली असती, आता होम लोन आहे, आता जरा विचार करून सांगीन. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना विटा मिळत राहिल्या.

समुद्राने दिलेला माल कोणाचा हे भांडण जुनं आहे. 1674 मधे राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील ऑक्झिंडन रायगडावर आला, त्याच्या मागण्यांत एक अशी होती की आमचं जहाज तुमच्या किनाऱ्यावर फुटलं तर माल आम्हाला परत द्या. महाराजांकडून उत्तर आलं की कोकणचा तसा रिवाज नाही, किनाऱ्याला लागेल ते परत करत नाहीत, आणि तुम्हाला दिलं तर उद्या फ्रेंच येतील, डच येतील, ते पण मागतील. काय चुकीचं आहे त्यात? एकाला सूट दिली की सगळी सोसायटी दारात उभी राहते, हे कुठल्याही सेक्रेटरीला विचारा.

सोसायटीवरून आठवलं. समुद्राच्या कायद्यात एक अजब नियम आहे, जनरल अ‍ॅव्हरेज. जहाज वाचवायला काही माल फेकावा लागला किंवा खर्च करावा लागला, तर ज्यांचा ज्यांचा माल त्या जहाजावर आहे त्या सगळ्यांनी मिळून तो भरायचा, तुझा कंटेनर सुखरूप असला तरीही. 2021 च्या मार्चमधे सुएझ कालव्यात ते एव्हर गिव्हन नावाचं कंटेनरचं जहाज आडवं अडकलं, सहा दिवस जगाचा माल खोळंबला, त्यावरचे 25 खलाशी सगळे आपले भारतीय, जहाज नंतरही जुलैपर्यंत तिथेच. तर त्या वेळी हा नियम लावला, आणि ज्याचे नुसते चार कंटेनर होते त्यालाही आधी वाट्याची हमी भर आणि मग माल ने असं झालं. मी हे आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधे गच्चीच्या गळतीच्या वेळी सांगून पाहिलं. तळमजल्यावाले म्हणत होते गळतंय वरच्यांचं, आम्ही का भरायचं. मी स्वतः तळमजल्यावाला. तरी सांगितलं. कोणी ऐकलं नाही, उलट मला पुढच्या वर्षी कमिटीत घ्यायचं ठरलं.

आणि दुसरा नियम त्याहून भारी, नो क्युअर नो पे. बुडतं जहाज वाचवायला जो जातो त्याने जिवाचं रान केलं, महिनाभर ओढणाऱ्या बोटी लावल्या, पाणबुडे उतरवले, पण शेवटी जहाज बुडालंच तर त्याला दमडी नाही. वाचलं तर जे वाचलं त्याच्या किमतीतून वाटा. आणि माणसं वाचवली तर त्या माणसांकडून काही घ्यायचं नाही. मालाचं बिल होतं, माणसाचं नाही. ज्याने कोणी हे ठरवलं तो हिशेबी असेल पण मनाचा कोता नव्हता.

मुंबईकरांना तर हे सगळं घरबसल्या बघायला मिळालंय. 2010 च्या ऑगस्टमधे बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली, एमएससी चित्रा कललं आणि शेकडो कंटेनर समुद्रात, मुंबई आणि न्हावा-शेवा, दोन्ही बंदरं काही दिवस बंद. 2011 च्या जूनमधे विस्डम नावाचं जहाज, जे कोलंबोहून अलंगला तोडायलाच ओढत नेत होते, त्याचा दोर तुटला आणि ते जुहूला येऊन बसलं. भेळवाल्यांची चांदी. मरायला निघालेल्या जहाजाने आयुष्यात पहिल्यांदा एवढी गर्दी बघितली असेल. ते काढून नेलं आणि जुलैच्या शेवटी पवित नावाचं दुसरं जहाज आलं, ओमानकडे खलाशी सोडून गेलेलं, महिनाभर एकटंच वाहत वाहत, आत चिटपाखरू नाही, कोणाला पत्ता नाही, सरळ जुहू-वर्सोव्याच्या वाळूत. बाबा म्हणाले, बघ, याला पण जुहूलाच उतरायचं होतं.

पण माझं स्वतःचं जहाज 26 जुलै 2005 चं. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तो दिवस. कल्याणला खाडी घरात आली. चार वाजता उंबऱ्याशी, सहाला गुडघ्याला, आईला आणि लेकीला वरच्या मजल्यावर दिलं, मी, बाबा आणि बायको खाली, लाइट गेलेले, मेणबत्ती ओट्यावर. काय वाचवायचं याचा विचार करायला वेळच नसतो, हाताला लागेल ते टेबलावर टाकत होतो: रेशनकार्ड, एलआयसीची फाइल, देव्हाऱ्यातले देव, लग्नाचा अल्बम, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, आणि का कोण जाणे, अर्धा किलो शेंगदाणे. पाणी मांड्यांच्या वर गेलं आणि टेबल हललं. मला वाटलं मीच हललो. मग एक पाय उचलला गेला, मग दुसरा, आणि सगळं टेबल सामानासकट अलगद वर आलं. पाणी पार काठाला लागलेलं, पण आत नाही. पायाच्या लोखंडी चकत्यांच्या वजनाने ते उलटंही होईना. एकदा कपाटाला धडकलं, गणपती घसरला, काठाला जाऊन टेकला आणि थांबला. बाबा अंधारात छातीभर पाण्यात उभे राहून, हात टेबलाच्या कडेला, मोठ्याने म्हणाले, "सोळा वर्षांनी कामावर रुजू झालं रे!"

दोन दिवसांनी पाणी ओसरलं तर सगळ्या बिल्डिंगींचे संसार रस्त्यावर, फुगलेल्या गाद्या, चिखलाने भरलेले फ्रिज, दारूखान्यात होता अगदी तसाच बाजार. भंगारवाले हातगाड्या घेऊन फिरत होते. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, आपल्या नुकसानावर जगतात म्हणून. महिन्याभराने आमचाच फ्रिज वरच्या आळीतल्या चहावाल्याकडे दिसला, नवा रंग मारलेला, आत दुधाच्या पिशव्या, मस्त घरघर करत होता. मी एक चहा घेतला. पैसे दिले.

बाबा गेले तीन वर्षांपूर्वी. आता दिवाळीच्या आधी बायकोने सनमायकाचं, गुळगुळीत, बिनकाठाचं टेबल बघून ठेवलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. त्याने वाकून खाली पाहिलं, पायाच्या चकतीवर नखाने टकटक केलं, म्हणाला, "शिप का माल है भाभी, आजकल नहीं मिलता," आणि इतकं बोलल्यावर किंमत सांगितली आठशे. मी काही बोललो नाही. नुसता खाली वाकून रेघा मोजायला लागलो, सात गठ्ठे आहेत ना बघायला.

बायकोने भंगारवाल्याला पाण्याचा ग्लास दिला, जुनी रद्दी दिली आणि पाठवून दिलं. मग आत गेली, बाथरूममधला जुना टूथब्रश आणला आणि माझ्या हातात ठेवला.

"अहो, मग काठ आता तुम्ही साफ करायचा."

करतोय. कोपऱ्यातून परवा लसणाच्या चटणीचा दगड झालेला तुकडा निघाला.