चार चाकांखाली चार काटे

रेसच्या गाडीचा विषय निघाला की पोरं आधी इंजिनाचं बोलतात. यंदा आमच्या जालन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांनी फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी बनवलेली गाडी आणली, तेव्हाही तेच झालं. "काका, ३७३ सीसीचं इंजिन आहे, तरी वळणात वेळ जातो. मॅपिंग, म्हणजे पेट्रोल अन् ठिणगीचं सेटिंग, बदलून बघायचं का?"

मी त्यांच्या ड्रायव्हर मुलीला विचारलं, "बाळा, उजवीकडं कशी वळते अन् डावीकडं कशी?"

ती लगेच म्हणाली, "उजवीकडं मस्त वळते काका. डावीकडं स्टीअरिंग फिरवलं तरी नाक सरळच पळतं."

निम्मं निदान तिथंच झालं. चारही टायर सारखे, हवा सारखी, अलाइनमेंट तपासलेलं, आणि तरी गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेनं वागते. मग इंजिनाकडं बघायचंच नाही. वजन कोणत्या चाकावर किती बसलंय ते बघायचं.

ट्रकचा भुईकाटा इथं कामाचा नाही, त्यावर पाच-दहा किलोच्या पटीत आकडा येतो. आम्ही मोंढ्यातल्या ओळखीच्या आडत दुकानातून पोती मोजायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले. आधी तुरीचं एकच पोतं चारही काट्यांवर फिरवून ठेवलं, कारण काटेच एकमेकांशी जुळत नसतील तर पुढची सगळी मेहनत वाया. मग गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी घेऊन चारही काटे एका पातळीत आणले, जिथं कमी होतं तिथं खाली पत्र्याचे तुकडे सारले. ही पातळी फार जपायची. एक कोपरा चार-पाच मिलिमीटर वर राहिला तरी आकडे खोटे येतात. प्रत्येक टायरखाली दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये ग्रीस, म्हणजे चाक आडवं सरकू शकतं आणि सस्पेन्शन अडकून बसत नाही. डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारची लिंक सोडली, टाकीत पेट्रोल भरलं, मुलीला हेल्मेट घालून सीटवर बसवलं, गाडी पुढून-मागून दाबून मोकळी केली. मग आकडे लिहिले.

पुढचं डावं ६२, पुढचं उजवं ७६, मागचं डावं ९०, मागचं उजवं ७२. एकूण ३०० किलो.

पुढं ४६ टक्के, मागं ५४. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला हे चांगलंच आहे. डावी-उजवी बेरीजही जवळपास सारखी, १५२ आणि १४८. पण तिरकी बेरीज बघा. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून १६६, दुसरी तिरकी जोडी १३४. डावीकडं वळताना भार उजवीकडं जातो, आणि पुढच्या उजव्या टायरवर तर आधीच जास्त बोजा. टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावर वजन दुप्पट केलं तरी पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. म्हणून जोडीतल्या एका टायरवर सगळं लोटलं की त्या जोडीची एकूण पकड घटते. इथं पुढची जोडी घटत होती, मागची टिकत होती. नाक सरळ पळणारच.

यावर इलाज स्प्रिंगच्या कॉलरचा, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या आट्याच्या कड्याचा. कॉलर आवळली की तो कोपरा उचलला जातो, त्या चाकावरचं वजन वाढतं आणि तिरक्या समोरच्या चाकावरचंही वाढतं. बाकी दोघांवरचं उतरतं. पुढची डावी आणि मागची उजवी थोडी आवळली, उरलेल्या दोन तेवढ्याच सैल केल्या, म्हणजे गाडीची उंची हलली नाही. दर वेळी गाडी दाबायची, परत आकडे बघायचे. शेवटी ७०, ६८, ८२, ८० वर आलो. दोन्ही तिरक्या बेरजा १५०.

आता एक गोष्ट पोरांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. कॉलर कितीही फिरवा, पुढची-मागची किंवा डावी-उजवी बेरीज बदलत नाही. ती बदलायची तर वस्तूच हलवावी लागते. बैलगाडीत पोती मागं जास्त झाली की गाडी उलाळ होते, पुढं झाली की जू बैलांच्या मानेवर बसतं. तिथं पोतंच सरकवावं लागतं. या गाडीत साडेतीन किलोची बॅटरी डाव्या अंगाला होती. ती ७० सेंटिमीटर उजवीकडं नेली. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर, म्हणजे दोन किलो भार इकडून तिकडं गेला आणि दोन्ही बाजू दीडशे-दीडशे झाल्या. त्यानंतर तिरकी बेरीज पुन्हा तपासायची, हे आलंच.

उंचीचं गणित मला याहून मोलाचं वाटतं. ३०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, वळणात १ जीचा, म्हणजे गाडीच्या वजनाइतका, आडवा जोर: आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर ७५ किलो जातात. तोच मध्य ३ सेंटिमीटर खाली आणला तर साडेसदुसष्ट. हे स्प्रिंग कडक करून मिळत नाही. स्पर्धेत गाडी ६० अंशांत कलंडवून बघतात, तेव्हा ती उलटता कामा नये. आपल्या १.२ मीटर रुंदीला गुरुत्वमध्य साधारण ३५ सेंटिमीटरच्या खाली असेल तरच ती टिकते. म्हणून सीट, टाकी, इंजिन जितकं खाली आणि मध्याजवळ बसेल तितकं बसवायचं. मध्याजवळ वजन असलं की गाडी दिशाही चटकन बदलते.

फॉर्म्युला वनमध्येही याच किलोंवर लक्ष असतं. २०१९ मध्ये सीट धरून ड्रायव्हरचं किमान वजन ८० किलो ठरलं, २०२५ मध्ये ते ८२ झालं, आणि हलक्या ड्रायव्हरची तूट सीटजवळच वजन ठेवून भरावी लागते, म्हणजे ते फायद्याच्या जागी नेता येत नाही.

आपल्या पोरांच्या गाडीलाही हाच प्रश्न आहे. आठाच्या आकड्याच्या चाचणीत, १५.२५ मीटर आतल्या व्यासाच्या वर्तुळांवर, ती मुलगी आता दोन्हीकडं सारखं वळते. पण दुसरा ड्रायव्हर तिच्यापेक्षा बराच वजनदार आहे. त्याची सीट किती मागं घ्यायची, हे त्याला बसवूनच ठरेल, आणि मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत काटे परत द्यायचे आहेत. म्हणून मी पोरांना सांगितलंय, त्याला याच आठवड्यात घेऊन या, बूट-हेल्मेटसकट.