पाच टक्क्यांचा अर्ज

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. उजवा पाय पोलिओनं गेलेला. आमची कमाई मार्च ते जून, आधी लग्नसराईचे ब्लाऊज आणि मग शाळेचे गणवेश. 2020 च्या मार्चमध्ये आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले, पाठोपाठ देशभर लॉकडाऊन लागला. लग्नं पुढं गेली, शाळांना कुलूप.

दिव्यांगांना सरकार 1000 रुपये देणार असं टीव्हीवर सांगत होते. मला आले नाहीत. ती मदत केंद्राच्या पेन्शनवाल्यांसाठी होती आणि त्या पेन्शनला दारिद्र्यरेषेखालचं नाव आणि 80 टक्के अपंगत्व लागतं. माझं प्रमाणपत्र 60 टक्क्यांचं, रेशनकार्ड केशरी. केशरीवाल्यांना मे महिन्यात 8 रुपयांनी गहू आणि 12 रुपयांनी तांदूळ मिळाला, त्यानं चूल पेटती राहिली. पण गॅस आणि आईच्या बीपीच्या गोळ्या यांना रोख पैसाच लागतो.

दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका दादांनी फोनवर सांगितलं, "ताई, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले, म्हणजे घरपट्टीसारख्या तिच्या स्वतःच्या वसुलीतले, 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेच असतात. लेखी मागा." आमच्या गावात या निधीचं नाव कुणी कधी काढलं नव्हतं. मला फार चीड आली.

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "वसुलीच नाही, पैसे कुठनं देऊ?" त्यात तथ्य होतं. घरपट्टी-पाणीपट्टीची मोठी वसुली मार्चमध्येच होते आणि नेमकं तेव्हाच सगळं थांबलं. पण त्याआधी वर्षभर जे जमा झालं, त्याचं काय? तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं. म्हणून अर्जात तीनच गोष्टी विचारल्या: 2019-20 चं स्वउत्पन्न किती, त्याचे 5 टक्के किती, त्यातले खर्च किती. गावातल्या बाकीच्या दिव्यांगांच्या सह्या-अंगठे घेतले. त्यात एक कर्णबधिर पोरगा होता. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळं त्याला ओठ वाचता येईनात. त्याच्याशी सगळं बोलणं वहीवर लिहून केलं. अर्जाची एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना दिली. दोन्हीकडं सही-शिक्क्याची पोहोच हातात पडल्याशिवाय मी कुबडी उचलली नाही. पुढं सगळं त्या पोहोचेवरच हललं. तिचा फोटो पाठवला की "बघतो" म्हणणारे तारीख सांगायला लागले.

पावसाळ्यात पैसे खात्यावर आले. रक्कम मोठी नव्हती, पण किराणा दुकानाची उधारी आणि वीजबिल भागलं.

त्या पोराला मात्र काही मिळालं नाही. त्याच्याकडं प्रमाणपत्र नव्हतं आणि कोरोनामुळं तपासण्या बंद होत्या. ज्याची तपासणीच थांबवली, त्याच्याकडं दाखला मागणं अन्याय आहे. अशा काळात तपासणीसाठी केलेल्या अर्जाची पावती धरूनच मदत द्यायला हवी. पुढं ग्रामसभा भरली तेव्हा मी हे उभं राहून बोलले आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.