तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, कुठला हर्बल टी घेऊ?

मी फार्मासिस्ट आहे, साताऱ्यात आमचं मेडिकल आहे, आणि हल्ली काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, मॅडम, हर्बल टी कुठला चांगला? कुणी मोबाईलवर रील दाखवतं, कुणी सुनेनं ऑनलाइन मागवलेला डबा पिशवीतून काढून समोर ठेवतं आणि म्हणतं हा चालेल का बघा जरा. गर्दीत दोन वाक्यांत काहीतरी सांगावं लागतं आणि ते मला पटत नाही, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

मी आधी उलट तुम्हालाच विचारते, कधी पिणार, कशाच्या ऐवजी पिणार आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. हे कळल्याशिवाय कुठल्याही डब्याचं नाव सांगायला माझं मन घेत नाही, कारण तोच डबा एका काकूंना छान मानवतो आणि त्यांच्या शेजारणीला त्रास देतो.

त्यातही कशाच्या ऐवजी हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे दिवसातून तीन-चार चहा सहज होतात, कपात दोन चमचे साखर, म्हणजे कपाला आठ-दहा ग्रॅम, चार कप झाले की पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की अशी वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. आता दुपारचा आणि संध्याकाळचा चहा बंद करून त्या जागी बिनसाखरेचा गवती चहा किंवा पुदिन्याचं पाणी सुरू केलंत तर पंधरा-वीस ग्रॅम साखर तिथंच कमी झाली, आणि माझ्या मते हर्बल टीचा सगळ्यात मोठा आणि खात्रीचा फायदा हाच आहे. चार चहा तसेच चालू ठेवून वर पाचवा कप चमचाभर मध घालून हर्बल प्यायलात तर मग त्यातून काही हाती लागत नाही.

विकत आणण्याआधी दाराशी काय आहे ते बघा ही माझी कळकळीची विनंती. गवती चहा कुंडीतसुद्धा येतो, तुळस घरोघरी आहे, आलं, सुंठ, बडीशेप, जिरं, ओवा, वेलदोडा डब्यात असतंच. गवती चहाची पात धारदार असते, ओढून तोडायला गेलं की बोट चिरतं, म्हणून कात्रीनं कापायची, धुवायची, हातानं थोडी चुरगळायची की तो लिंबासारखा वास सुटतो, हा वास सिट्रल नावाच्या तेलाचा. हे तेल वाफेबरोबर उडून जातं आणि बऱ्याच घरी नेमकं तेच होतं, पातेलं दहा मिनिटं उघडं उकळत ठेवतात, सगळ्या घरभर घमघमाट आणि कपात नुसतं पिवळं पाणी. पाणी खळखळलं की दोन-तीन पाती टाका, गॅस बंद करा, झाकण ठेवा, सात-आठ मिनिटांनी गाळा. पानं-फुलं अशी मुरवायची. आलं, सुंठ, दालचिनी, बडीशेप असल्या मुळं-साल-बियांना मात्र उकळी द्यावी लागते, आलं ठेचून पाच-सात मिनिटं उकळलं तरच त्याचा तिखटपणा पाण्यात उतरतो. आणि थोडं निवू द्या हो. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 65 अंशांच्या वरची, म्हणजे तोंड भाजेल इतकी गरम पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी संभाव्य धोक्याची ठरवलीत, मग ते पेय चहा असो नाहीतर काढा.

ग्रीन टीबद्दल फार गोंधळ दिसतो. ग्रीन टी हर्बल नाही, तो आपल्या नेहमीच्या चहाच्याच झाडाचा पाला आहे, फक्त प्रक्रिया वेगळी, त्यामुळे त्यात कॅफिन आहे. झोप लागत नाही म्हणून साधा चहा सोडला आणि रात्री नऊला ग्रीन टी सुरू केला असं सांगणारे बरेच जण भेटतात. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तर रात्री नऊच्या कपाचं पहाटे दोनलाही अंगात असतंच की. रात्रीसाठी बडीशेप, गवती चहा, किंवा साऊथ आफ्रिकेतून येणारा रुईबॉस, यात कॅफिन नसतं. कॅमोमाइलचं विचाराल तर झोपेसाठी बऱ्याच लोकांना तो बरा वाटतो, पुरावा मात्र बेताचाच आहे, आणि ते शेवंती-झेंडूच्या कुळातलं फूल असल्यामुळे ज्यांना या फुलांची ॲलर्जी आहे त्यांनी जपून. रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा कॅमोमाइल नकोच.

आता फ्रूट टी. परवाच एका ताईंनी असाच एक डबा आणला होता, वर टपोऱ्या स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीचं चित्र. डबा उलटा करायचा, मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात आणि ते वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे, म्हणजे पहिलं नाव ज्याचं तेच सगळ्यात जास्त. त्या डब्यावर पहिलं हिबिस्कस, मग वाळवलेलं सफरचंद, मग रोझहिप म्हणजे जंगली गुलाबाची फळं, मग सायट्रिक ॲसिड, फ्लेवर, आणि सगळ्यात शेवटी स्ट्रॉबेरी एक टक्का. बहुतेक फ्रूट टी असेच असतात. वाईट नाहीत, साखर नसली तर सरबतापेक्षा कितीतरी चांगले, पण फळ खाल्ल्याचा फायदा त्यात मिळत नाही. महाबळेश्वर आपल्या उशाशी आहे, सीझनमध्ये स्ट्रॉबेरी फळ म्हणूनच खा.

पण त्या डब्यातलं ते पहिलं नाव, हिबिस्कस, ते मात्र कामाचं आहे. लाल रंग आणि आंबटपणा त्याचाच. हे दारातलं जास्वंदीचं फूल नव्हे, ही लाल अंबाडी, तिच्या फुलाखाली जो मांसल लाल भाग धरतो ती बोंडं वाळवून वापरतात. इजिप्त, सुदानमध्ये हे घरोघरचं पेय आहे, करकदे म्हणतात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 साली एक अभ्यास छापला, बीपी थोडं वाढलेले 65 लोक घेतले, काहींना रोज तीन कप हिबिस्कस आणि बाकीच्यांना तशाच चवीचं दुसरं पेय सहा आठवडे दिलं, तर हिबिस्कसवाल्यांचं वरचं बीपी सरासरी 7.2 नी उतरलं आणि दुसऱ्यांचं 1.3 नी. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण अंबाडी आपल्या शेतातली आहे, गावाकडे बोंडांची चटणी करतात, वाळवून ठेवली तर वर्षभराचा चहा घरात. पण म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही, आणि गोळी चालू असताना रोज तीन कप सुरू करणार असाल तर बीपी मोजत राहा, कारण दोन्ही मिळून जास्तच उतरलं तर चक्कर येते. दुसरं म्हणजे दात. असली आंबट पेयं बाटलीत भरून दिवसभर घोट-घोट पीत बसलं तर दातांवरचं एनॅमल झिजतं. जेवणाबरोबर किंवा एकदाच बसून प्या, वर पाण्यानं चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा-एक तास जाऊ द्या. हेच कोकमालाही लागू. उन्हाळ्यात कोमट पाण्यात दोन आमसुलं भिजवून चिमूटभर मीठ-जिरं घातलं की ते कुठल्याही महागड्या फ्रूट टीच्या तोडीचं आहे असं माझं ठाम मत आहे.

ज्यावरून माझा जीव खरंच तुटतो ते म्हणजे स्लिमिंग टी आणि डिटॉक्स टी. कॉलेजच्या मुली मागतात, बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या मुली मागतात. यातल्या बऱ्याच पाकिटांत सेना असतं, म्हणजे सोनामुखी, जुलाबाचं औषध. सकाळी वजनकाट्यावर किलोभर कमी दिसतं ते पाणी गेलेलं असतं, चरबी तिथल्या तिथंच. महिनोन् महिने घेतलं तर पोटॅशियम कमी होतं, पोटात मुरडा येतो, आणि काहींना त्याच्याशिवाय पोटच साफ होत नाही अशी सवय लागते. बद्धकोष्ठासाठी चार-आठ दिवस सोनामुखी घेणं वेगळं आणि रोज चहा म्हणून पिणं वेगळं. डिटॉक्सचं काम लिव्हर आणि किडनी बारा महिने करतात, त्यांना या पाकिटाची गरज नाही. पाकिटावर सेना, कॅसिया अँगुस्टिफोलिया किंवा सोनामुखी यातलं काहीही दिसलं तर खाली ठेवा, प्लीज.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019-21 प्रमाणे आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आहे. चहातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही हे बऱ्याच जणींना माहीत असतं, म्हणून चहा सोडून पुदिन्याचा हर्बल टी जेवणावर घेतात. तर 1999 साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये आलेल्या एका अभ्यासात पेपरमिंट टीनं (पेपरमिंट म्हणजे पुदिन्याचाच एक प्रकार) पावातल्या लोहाचं शोषण 84 टक्क्यांनी आणि कॅमोमाइलनं 47 टक्क्यांनी कमी केलेलं दिसलं, म्हणजे पेपरमिंट जवळजवळ साध्या चहाइतकाच. हिमोग्लोबिन कमी असेल तर कुठलाही चहा, हर्बलसुद्धा, जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा, लोहाची गोळी तर चहाबरोबर नकोच, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास काही नाही, ना चहा, ना काढा, ना जिऱ्याचं पाणी. औषध वेळेवर घेऊनही टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्त तपासणीतला आकडा, खाली येत नाही अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारते.

गोळ्यांचं निघालंच आहे तर ज्येष्ठमध. घशासाठी दोन-तीन दिवस छान, पण बीपीवाल्यांनी रोज घ्यायचं नाही, त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि तयार मिश्रणांत गोडव्यासाठी ते बऱ्याचदा असतं. गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात लोकांनी रोज उठून गुळवेलीचा काढा प्यायला, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. माझ्या दृष्टीनं दोन्ही बाजूंचा अर्थ एकच, ओळख पटल्याशिवाय कुठलीही वेल तोडून उकळायची नाही आणि लिव्हरचा किंवा ऑटोइम्यूनचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा, त्रास असेल तर गुळवेलीला हात लावायचा नाही. प्रमाणही बघा, 2020 साली आयुष मंत्रालयानं सांगितलेला काढा चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग मिरी असा होता, तीन ग्रॅम पूड दीडशे मिली पाण्यात, दिवसातून एकदा-दोनदा. लोकांनी मूठ-मूठ मिरी घालून पातेलंभर प्यायला आणि मग ॲसिडिटीच्या गोळ्या न्यायला आले.

ॲसिडिटीवरून आठवलं, जळजळ होणाऱ्यांना पुदिना सोसत नाही, अन्ननलिकेच्या खालचा स्नायू त्यानं सैल पडतो आणि आंबट वर येतं. त्यांनी बडीशेप किंवा जिरं घ्यावं. गरोदरपणात मळमळीला आल्याचा थोडा चहा चालतो, बाकी मिश्रणं मात्र डॉक्टरांना पाकीट दाखवूनच.

टीबॅगचंही विचारता. ते चकचकीत जाळीदार पिरॅमिडसारखे बॅग बऱ्याचदा नायलॉनचे किंवा प्लास्टिकचे असतात, कॅनडात 2019 साली केलेल्या एका प्रयोगात अशा एका बॅगमधून उकळत्या पाण्यात प्लास्टिकचे अब्जावधी सूक्ष्म कण सुटलेले दिसले होते. त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हा वेगळा विषय, पण सुटा पाला आणि स्टीलची गाळणी स्वस्तही पडते आणि आत काय आहे ते डोळ्यांनी दिसतं. लहान पाकीट घ्या, उघडून वास घ्या, वास नसेल तर ते जुनं आहे.

आणि शेवटी मध. साखर नको म्हणून दोन चमचे मध घालत असाल तर ती साखरच धरा, शुगरवाल्यांनी तर नक्कीच. सर्दीत मोठ्यांना, शाळेतल्या मुलांना चमचाभर चालेल. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, आजी कितीही म्हणाल्या तरी चाटवायलासुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.