मावशीचा मुलुंडचा फ्लॅट

मावशीच्या मागे तिचा मुलुंडचा फ्लॅट कुणाकडे जाणार, हा प्रश्न आमच्याकडे कधी निघालाच नाही. मावशीला मूलबाळ नाही, काका जाऊन बरीच वर्षं झाली आणि सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मवर माझं नाव आहे. भाचरांनाच मिळणार, दुसरं कोण आहे?

कायद्याला विचाराल तर मावशीच्या दिराचा मुलगा आहे.

हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्याच्या कलम 15 प्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता आधी मुलांना आणि नवऱ्याला. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर, मग आम्ही भाचरं कुठल्या कुठे. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल आणि मूल नसेल, तर तेवढं माहेरी परत येतं. स्वतः कमावलेलं मात्र सासरी. मावशीने जन्मभर नर्सची नोकरी केली, नाइट ड्युट्या करून कर्जाचे हप्ते फेडले, फ्लॅटच्या कागदावर तिचं एकटीचं नाव. तरीही सासरी.

मला हे पटेना. मग वकीलबाईंनी 2009 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली बाई. सासरच्यांनी घराबाहेर काढली, माहेरच्यांनी शिकवली, तिने नोकरी करून पैसा साठवला. मृत्युपत्र केलं नव्हतं. सगळं गेलं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना! न्यायालयाने म्हटलं, सहानुभूती आहे, पण कायदा हा असा आहे.

नॉमिनेशनचं म्हणाल, तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने मालमत्ता ताब्यात घ्यायची आणि खऱ्या वारसांच्या हवाली करायची. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलं, आणि तो खटलाही मुंबईतल्याच एका मराठी कुटुंबातला. तरी आपल्याकडे बँकेत, सोसायटीत, पोस्टात नॉमिनीचं नाव घातलं की माणूस हात झटकून मोकळा होतो.

मावशीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगं, मग लिहूया की. त्यात रडण्यासारखं काय आहे?" आणि गॅसच्या बिलाच्या मागच्या बाजूला यादी करायला बसली.

फ्लॅटचं दोन मिनिटांत ठरलं. एफडीचंही. त्यातली एक तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सुनीताच्या नावे लिहायची, हे तिने डोळा वर न करता सांगितलं. वेळ गेला तो बाकीच्या गोष्टींत. पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, मोठी समई कुणाकडे रोज लागेल आणि कुणाकडे माळ्यावर पडेल. तांब्याच्या घंगाळावर तर अर्धी दुपार गेली. ते तिच्या सासूचं. आजकालच्या बाथरूममध्ये ठेवायला जागा नाही, पण मोडीत घालायचं नाही, हे नक्की. शेवटी माझ्या भावाच्या बायकोचं नाव पडलं, कारण तिच्या बाल्कनीत झाडं आहेत.

यादीत गिरगावची खोलीही होती. चाळीतली, पागडीची (म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेली, पण भाड्याचीच), काकांच्या नावावरची. दिराचा मुलगा लहानपणापासून तिथेच वाढला, आजही तिथेच राहतो. मावशीने प्रेमाने लिहिलं होतं, "गिरगावची खोली त्याला." वकीलबाईंनी ती ओळ खोडली. पागडीच्या खोलीचा भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच सांगून ठेवलंय. भाडेकरू गेला की त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क जातो. दक्षिण मुंबईतल्या किती मृत्युपत्रांत अशा खोल्या लिहिल्या गेल्या असतील, देव जाणे.

बाकी काम साधं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्युटी लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, आम्ही केली. सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही तिच्यासमोर करायची. आत काय लिहिलंय हे त्यांना कळायची गरज नाही. मला फ्लॅटमध्ये हिस्सा आहे, म्हणून मी साक्षीदार नाही. मावशी म्हणत होती शेजारच्या आजोबांना बोलावू; मी म्हटलं, साक्षीदार आपल्यामागे हिंडता-फिरता राहणारा हवा. मग बिल्डिंगमधल्या डॉक्टरीणबाई आल्या (त्यांनी मावशीची बुद्धी शाबूत असल्याचं सर्टिफिकेटही दिलं, मावशी जरा रागावलीच) आणि एका मैत्रिणीचा मुलगा.

प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाकडून शिक्का घेण्याचं, मुंबईत वेगळंच प्रकरण होतं. हिंदूंच्या मृत्युपत्राला बाकी महाराष्ट्रात प्रोबेट सक्तीचं नव्हतं, मुंबईत होतं. म्हणजे मुलुंडच्या फ्लॅटसाठी हायकोर्ट, आणि चेकनाक्यापलीकडे ठाण्यात राहून तिथल्याच घराचं लिहिलं तर काही नाही. इंग्रजांच्या वेळची ही तऱ्हा डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 1925 च्या भारतीय वारसा कायद्यातलं कलम 213 काढून संपवली. उशिरा का होईना. वाद झाला तर कोर्टाची पायरी अजूनही आहेच, म्हणून मावशीने एक वाक्य मुद्दाम घालून घेतलं: सासरच्या कुणावर राग म्हणून हे करत नाही.

आणि ते खरं करायला तिने त्याच संध्याकाळी गिरगावला फोन लावला. स्पीकरवर. दिराच्या मुलाने सगळं नीट ऐकून घेतलं.

"काकू, तुमचं घर आहे, तुम्ही कुणालाही द्या," तो म्हणाला. "पण आजीचं ते घंगाळ कुणाला दिलंत?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. वकीलबाई म्हणतात, पुरवणी जोडता येईल, पण तीही तशीच करायची, दोन साक्षीदारांसमोर. डॉक्टरीणबाईंना पुन्हा कसं बोलवायचं, हा आता मावशीपुढचा प्रश्न आहे. वहिनीला कसं सांगायचं, हा माझा.