आमची वाटचाल : काळा धूर ते कोरडं चिपाड

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यातलं, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. आण्णांनी ते उभं केलं तेव्हा डिझेल इंजिनावरचा ऊस पिळायचा घाणा, रस कढवायची एक मोठी कढई म्हणजे काहील आणि तिच्याखालची भट्टी म्हणजे चुलवाण, एवढाच संसार होता. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला की काम जोरात चाललंय, असं आम्ही पोरं समजायचो. तो धूर म्हणजे न जळता गेलेलं जळण, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची चिपाडाची, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची, गंजी भिजून कुजली. हंगाम तोंडावर आला आणि जळण नाही. नव्या उसाचं चिपाड घाण्यातून निघतं तेव्हा निम्मं पाणीच असतं, ते पेटत नाही, नुसतं धुमसतं. मग आम्ही नको ते केलं, जुने टायर आणून जाळले. आठवडाभरच, पण जाळले. एके दिवशी मागच्या वस्तीतल्या काकू वाळत घातलेलं धुणं घेऊन आल्या आणि माझ्यापुढं टाकलं. पांढऱ्या धोतरावर काजळीची नक्षी. "आता तूच धू म्हणं हे." मी धुतलं नाही, बायकोनं धुतलं, हेही सांगून टाकतो.

त्या रात्री हिशेब मांडला. गूळ करणं म्हणजे पाणी उडवणं. टनभर उसातून शंभर-एकशेवीस किलो गूळ पडतो, आणि त्यासाठी पाचशे लिटरच्या वर पाणी वाफ करून सोडावं लागतं. म्हणजे खर्च सगळा आचेचा. आमची आच मात्र एका काहिलीखालून पळत थेट धुराड्यात जायची. धुराड्याच्या बुडाला हात लावायची सोय नव्हती, इतकं ते तापायचं.

पुढच्या हंगामाआधी चुलवाण पाडून नवं बांधलं. बुडाला लोखंडी जाळी बसवली, म्हणजे हवा खालून येते आणि राख आपोआप गळते. धुराड्याकडं जाणाऱ्या वाटेवर दुसरी काहील बसवली. पहिलीत रसाचं आदण कढत असतं, तोवर उरलेल्या आचेवर दुसरीतला रस तापून तयार होतो. चुलवाणात जळण घालणारे आमचे चुलवे मामा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पूर्वी ते कवळाभर चिपाड आत ढकलून बिडी ओढायला मोकळे व्हायचे, आता थोडं थोडं सारखं घालावं लागतं. "हे चुलवाण हाय का तान्हं पोर?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून दिवाळीपासून त्यांच्या हाताखाली एक गडी दिला.

चिपाड मात्र उन्हात पसरून, दाताळ्यानं परतून, कडकडीत वाळल्याशिवाय चुलवाणात जात नाही. हातात चुरगळलं की काड्कन मोडलं पाहिजे. गंजीसाठी उंच जोतं घालून वर पत्रा टाकला. २०२१ ला पुन्हा पूर आला, तेव्हा गंजी वाचली. आता हंगाम संपल्यावर चिपाड उरतं. आण्णा असते तर त्यांना हे पटलं नसतं.

इंजिन गेलं, मोटार आली. काहिली धुतलेलं गोडूस पाणी पूर्वी ओढ्यात सोडायचो. साखरेचं पाणी कुजताना ओढ्यातला प्राणवायू खातं आणि मासे मरतात, हे मला माहीत नव्हतं. माश्या आणि वास मात्र सगळ्या गल्लीला माहीत होता. आता ते पाणी, रस कढताना भेंडीच्या चिकानं वर आलेली मळी म्हणजे रसातली घाण आणि चुलवाणाची राख, सगळं शेणखताच्या खड्ड्यात जातं.

गुळाला पिवळाधमक करणारी हायड्रॉसची रासायनिक पावडर बंद केली, तो निर्णय सगळ्यात महाग पडला. तांबूस रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बघून सौद्यात (बाजारातल्या लिलावात) भाव पाडून मागितला गेला. दोन वर्षं तोटा सोसला. मग घरगुती गिऱ्हाईक वाढलं आणि तगलो.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. एक किलोच्या ढेपेला कागद गुंडाळला की पावसाळ्यात गूळ पाझरतो आणि कागद त्याला चिकटून बसतो. म्हणून आतून प्लॅस्टिक आहेच. कुणाला यावर खात्रीचा उपाय ठाऊक असेल, तर दिवाळीनंतर गुऱ्हाळावर या. रस पाजतो, वर काकवी बांधून देतो.