दूधच पाजायचं ना, मग एवढं काय?

आफ्रिकेतल्या हत्तींच्या अनाथ पिल्लांचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो: दूध पाजायचं, मोठं करायचं, जंगलात सोडायचं, यात एवढं अवघड काय? तुम्ही विचारलंत म्हणून जरा तपशिलात जाऊ.

सुरुवातीला अवघड असतं ते दूधच. गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या पिल्लाला पचत नाही. हगवण लागते, आणि जन्मतः शंभरेक किलो भरणारं, दणकट दिसणारं पिल्लू बघता बघता हाताबाहेर जातं. केनियात हत्तींची अनाथ पिल्लं वाढवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांची बरीच वर्षं आणि बरीच पिल्लं यात गेली. शेवटी जमलं ते असं: दुधाची चरबी नसलेली, तान्ह्या बाळांची पावडर आणि तिच्यात खोबरेल तेल. हे काही अंदाजपंचे नव्हतं. हत्तिणीच्या दुधात कॅप्रिक आणि लॉरिक ही मेदाम्लं (चरबीचे घटक) भरपूर असतात, आणि खोबरेलात लॉरिक आम्लच सर्वांत जास्त. मिश्रण मात्र सर्वांना एकच चालत नाही. वय बघायचं, रोजची लीद बघायची. ती पातळ झाली की आधी दुधाकडे बघायचं. दाढा फुटतानाही जुलाब आणि ताप येतो, तेव्हा नुसतं दूध बदलून भागत नाही.

पाजायचं दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू दूध तोंडाने ओढतं, सोंडेने नाही. आईजवळ असतं तर त्या वेळी सोंड तिच्या अंगावर टेकलेली असती. म्हणून दोन झाडांमध्ये जाड घोंगडी टांगतात, तिच्यावर ते सोंड टेकवतं, सोंडेचं टोक घोंगडीवर चाळवत राहतं आणि मग कुठे बाटली तोंडात घेतं. सोंडेला टेकायला काही मिळालं नाही तर बाटली समोर असूनही पिणार नाही. बाटलीचं रबरी बूच भलतंच ढिलं असेल किंवा डोकं चुकीच्या कोनात असेल तर दूध फुप्फुसात जातं, आणि तान्ह्या पिल्लाला न्यूमोनिया म्हणजे जवळपास निकालच.

विहिरीतून काढलेल्या पिल्लांचं दुखणंही बहुधा हेच. उत्तर केनियात दुष्काळात नदीच्या कोरड्या पात्रात गुरांसाठी खोल विहिरी खणतात. कळप रात्री पाण्यावर येतो, पिल्लू घसरतं, उजाडल्यावर माणसांची चाहूल लागली की कळप निघून जातो. अशा वेळी पहिलं काम पिल्लू उचलून नेणं नव्हे. कळप जवळपास असेल तर त्याला परत सोपवायचं. शोधूनही आई मिळाली नाही, तरच विमान मागवायचं. विमानात पाय बांधलेले, पिल्लू गादीवर आडवं, कानामागच्या शिरेत सलाईन. शिकारीत आई गेलेली तान्ही पिल्लं एकवेळ सावरतात. दुष्काळात आटलेलं वर्ष-दीड वर्षाचं पिल्लू जास्त दगा देतं, कारण सापडतं तेव्हा अंगात काहीच उरलेलं नसतं.

पण इतकं सगळं नीट करूनही पिल्लू जातं, आणि माझ्या मते खरी अवघड बाजू ही आहे. सत्तरच्या दशकात आयेशा नावाचं पिल्लू शेल्ड्रिक यांनी एकटीने वाढवलं होतं. मुलीच्या लग्नासाठी त्या काही दिवस लांब गेल्या. पिल्लाने खाणंपिणं सोडलं आणि ते मेलं. एकाच माणसाला आई मानू द्यायचं नाही, हा नियम त्यातून आला. नैरोबी राष्ट्रीय उद्यानातल्या त्यांच्या संस्थेच्या संगोपनगृहात कीपर, म्हणजे सांभाळणारा माणूस, प्रत्येक पिल्लाजवळ रात्री झोपतो, पण आज हा तर उद्या दुसरा. वरवर निष्ठुर वाटतं, पण पिल्लाचा जीव कळपात गुंतावा, माणसात नव्हे, हाच सगळा खटाटोप. नवीन आलेलं पिल्लू दिवसेंदिवस खिन्न उभं राहतं, आणि त्याला बोलतं करतात ती आधी आलेली पिल्लं.

बाकीची काळजी साधी, पण रोजची. नैरोबी उंचावर आहे, रात्री गारठा असतो, म्हणून अंगावर घोंगडी. उन्हात आईच्या पोटाची सावली नसते, म्हणून कोवळ्या कानांना सनस्क्रीन. पुढे चिखलात लोळायला शिकलं की ते काम चिखल करतो.

दोन-तीन वर्षांचं झालं की पिल्लाला केनियातल्याच त्सावोच्या जंगलात, संस्थेच्या केंद्रांवर हलवतात: वोई किंवा इथुंबा. पायाला इजा झालेल्यांसाठी उमानी स्प्रिंग्ज हे तिसरं केंद्र, तिथलं रान हिरवं आहे. ट्रकमध्ये चढणं हे दिव्यच. म्हणून आधी अनेक दिवस दूध ट्रकमध्येच पाजतात आणि निघतात पहाटेच्या अंधारात. तिथे दिवसभर रान, रात्री कुंपण, हौदावर जंगली कळपांची ये-जा. कधी निघून जायचं ते हत्तीच ठरवतो. काही वर्षं लागतात, काही जण गेल्यावर महिन्याने परत डोकावतात. वोईत वाढलेल्या एमिलीने २००८च्या डिसेंबरात रानात पिल्लाला जन्म दिला, ती ईव्ह. अशी पन्नासहून अधिक पिल्लं आता झाली आहेत. बाटलीवर वाढलेला हत्ती जंगली होतो का, याचं याहून ठोस उत्तर माझ्याकडे नाही.

दोडामार्ग किंवा गडचिरोलीत एकटं पिल्लू दिसलं तर? ते बहुधा अनाथ नसतं, आई जवळच असते आणि तिला तुम्ही नको असता. दूर व्हा, गर्दी हटवा, वनविभागाला १९२६वर कळवा. केळी नकोत, दूध तर अजिबात नको.

आणि हो, नैरोबीला जाऊन स्वतः बाटली धरायची इच्छा असेल, तर ती सोय नाही. पाहुण्यांना दिवसातून तासभरच, दोरीच्या पलीकडून बघता येतं.